तवंदी घाट, तिसरा गिअर

यमकनमर्डीच्या वळणावर गुळाची गाडी उलटली.
केबिन चपटी झाली, चासी पिळवटली,
इंजिनाला मात्र ओरखडा नाही.
दस्तगीरनं डिपस्टिक ओढली, ऑइल बोटावर चोळलं,
जिभेला लावलं,
थुंकला,
आणि म्हणाला, घ्या.

वहीत मी लिहिलं :
इंजिन, गिअरबॉक्ससकट. क्रेनचं भाडं वेगळं.
रेडिएटर फुकट, कारण फुटका.
पुढच्या ओळीत दस्तगीरची मजुरी यायची होती.
तो म्हणाला, जागा सोड.

निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला, तंबाखूच्या वखारीमागं
चिंचेच्या फांदीला चेनपुली बांधली.
आधी आमचं इंजिन निघालं,
तीनदा बोअर मारलेलं.
खाली टेकताना त्यातनं वाटीभर पाणी सांडलं
आणि आप्पा दुसरीकडं बघू लागले.
मी बॉनेटमधनं वाकून पाहिलं :
आरपार मोकळं,
पलीकडं वखारीची कोंबडी माती उकरत होती.

नवं म्हणजे दुसऱ्याचं जुनं.
सरळ बसेना.
सम्प एक्सलला टेकायचा, पंखा रेडिएटरला खायला उठायचा.
क्रॉसमेंबर कापला, पुढं सरकवून वेल्ड केला,
शाफ्ट लेथवर पाच इंचांनी तोकडा,
फौंडेशनची रबरं कोल्हापूरहून,
नंबर बदलायला आर. टी. ओ.चे तीन हेलपाटे चिकोडीला,
फॉर्म कन्नडात, सही मराठीत.

चौथ्यांदा उतरवताना
इराप्पा म्हणत होता, निधान, निधान,
दस्तगीर, आस्ते,
आप्पा, हळू रे, हळू.
साखळी एकेक कडी सोडत होती.
बोल्ट आवळले तशा ब्लॉकच्या कपारीतनं
मुंग्या निघाल्या,
गुळाच्या मागं लागून इथवर आलेल्या,
आणि ओळीनं
आमच्या बॅटरीच्या पेटीत राहायला गेल्या.

चालू झालं तेव्हा धूर पांढरा, मग काळा,
मग नुसती हवा थरथरलेली.
कुठंतरी टकटक येत होती.
दस्तगीरनं टॅपेट आवळला.
टकटक गेली. आप्पांनी पेढे मागवले.

पेढे यायच्या आधी लाल बस थांबली.
कुबडी उतरली, मग माणूस.
रुद्राप्पा हळिंगळी, गुळाच्या गाडीचा ड्रायव्हर.
पत्ता त्याला क्रेनवाल्यानं दिलेला.
पायाचं कुणी विचारलं नाही.
चालू करा, म्हणाला,
आणि आमच्या नंबरप्लेटीकडं बघत उभा राहिला.
मग त्याच्या मराठीत :
चार नंबर गप कुणी केलाय?
टकटक येऊ दे की. गप केलं तर आत जळतंय ते.

दस्तगीर पन्नाशीचा, कान लाल झाले त्याचे.
फीलर गेज काढलं,
टॅपेट पत्तीएवढा सैल केला.
टक. टक. टक.
रुद्राप्पानं मान हलवली,
पेढा खिशात घातला,
पाच चाळीसच्या बसनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी तंबाखू भरून तवंदी घाट.
वीस वर्षं आम्ही तो पहिल्या गिअरमध्ये चढलोय,
वरच्या वळणावर थांबून,
जिन्नाप्पाच्या टपरीची बादली रेडिएटरमध्ये ओतून,
वाफ निवेपर्यंत दोन दोन चहा पिऊन.

काल तिसऱ्यात चढलो.
काटा मध्यावर. टकटक कानाशी.
जिन्नाप्पा सवयीनं बादली घेऊन रस्त्यावर आला
आणि आम्ही त्याच्यासमोरून निघून गेलो.
आरशात तो लहान होत होता, बादली तशीच हातात.

आप्पा काही बोलले नाहीत.
अर्ध्या मैलावर गाडी कडेला घेतली,
इंजिन चालूच ठेवलं,
आणि उतरून चालत मागं आले. मी त्यांच्या मागं.
दोन चहा सांगितले.
बादलीतल्या पाण्यानं
त्यांनी तोंड धुतलं.