दहा अंश

दवाखान्यातला माझा तिसरा दिवस.
तोवर मी फक्त पिंजरे धुतले होते
आणि एका म्हाताऱ्या मांजरीला तिच्या मर्जीविरुद्ध तोललं होतं.

नेल टेबलावर होती.
मेंढ्यांमागची, सात वर्षांची, हाडाची कामकरी.
क्वाड बाइकवरून उडी मारली, पुढचा उजवा पाय
दगडी बांधावर असा उतरला
की मनगट उलटं गेलं ते गेलंच;
चालताना पंजाबरोबर तेही जमिनीला टेकायचं.

ग्विलिम सकाळी दारातच उभा होता, टोपी हातात,
बुटांना ट्रेगारनच्या डोंगरातला अख्खा चिखल.
"कामाची राहील का?" एवढंच विचारलं
आणि तिच्या कानामागे हातही न फिरवता निघाला.
(गाडीत बराच वेळ बसून होता, निआनं नंतर सांगितलं.)

एलेरी डॉक्टरांनी मला पाय धरायला दिला.
"घट्ट नको. पडू देऊ नकोस, बस्स."
कातडी बाजूला झाली. आत सांधा,
ओल्या शिंपल्यासारखा निळसर पांढरा,
इतका गुळगुळीत की माझ्या तोंडून "अरे" निघालं.
"बघून घे," त्या म्हणाल्या,
"आता हे सगळं खरवडायचंय."

मला वाटायचं, सांधा म्हणजे जोड.
सांधा म्हणजे फट.
केसाएवढी, निसरडी, जपून ठेवलेली फट,
जिच्या जिवावर कुत्री वळते,
कुत्रीमागे मेंढी, मेंढीमागे सगळा उतार.
ती आम्ही बुजवत होतो.

ड्रिल फिरलं. दातांच्या डॉक्टरकडे येतो तो वास.
खांद्याजवळून चमचाभर मऊ हाड काढलं,
लाल, भिजल्या रव्यासारखं,
ते फटीत भरलं; वर धातूची पट्टी, नऊ स्क्रू.
मी मोजले. मोजणं हेच माझं काम होतं.
"कोन?"
"दहा अंश."
जन्मभराचा कोन निआनं फळ्यावर लिहिला,
दुपारच्या सँडविचच्या यादीशेजारी.

त्या रात्री मी मनगटाला लाकडी चमचा बांधला.
दार उघडलं कोपरानं.
चहा ढवळला खांद्यानं.
फडकं पिळता येईना. आईनं पाहिलं,
काही विचारलं नाही,
सोलायचे बटाटे तेवढे माझ्यापुढून उचलून नेले.
अकरा वाजता गाठ सोडली तेव्हा मनगट
कटकन वाजून असं खुशीत वाकलं
की मला लाज वाटली.

दहाव्या आठवड्यातला एक्स-रे.
मी फट शोधत राहिले, पडद्यावर नख फिरवत.
सात लहान हाडं होती तिथे,
आता कुठली कुठे संपते ते सांगता येईना.
"नख काढ," एलेरी म्हणाल्या, "डाग पडतात."

ग्विलिमनं क्वाडला एक फळी लावलीय,
कोंबड्यांच्या शिडीसारखी, तिला उतरायला.
नेल तिच्याकडे बघतही नाही.
कडेला थांबते, अंग तिरकं करते,
डावा पाय आधी,
मग तो दुसरा, काठी टेकावी तसा.

ती गवतात पोचते.
वर मेंढ्या पांगायला लागलेल्या असतात,
आणि ग्विलिम तोंडात बोटं घालून
शिट्टी मारायला जरा उशीर करतो.