सव्वा टक्का

चरईच्या गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
फॉल-पिकोला साडी टाकता टाकता
पेंढरकर बाई सहज बोलून गेल्या,
नौपाड्यातली ती सहकारी बँक
महिन्याच्या ठेवीला पावणेआठ देतेय,
पण आधी बचत खातं हवं तिथलं.

माझं होतं तिथे साडेसहा.
फरक सव्वा टक्का.
सव्वा म्हणजे देवापुढे ठेवतात तो आकडा.
वरचा पाव कशासाठी,
कुणी विचारत नाही.

रात्री रिळांच्या खोक्यावर हिशेब मांडला.
महिना दोन हजार, महिने बारा.
पहिले दोन हजार वर्षभर राबणार,
शेवटचे जेमतेम महिनाभर
(आधी घरात आली तिच्या वाट्याला जास्त, तसंच).
जास्तीचे मिळणार
एकशे बासष्ट रुपये पन्नास पैसे.
पुन्हा मांडला. तेवढेच.

मंगळवारी शटर अर्धं ओढून गेले.
काउंटरवर मोकल नावाचा मुलगा,
मिसरूड नुकतंच, बोलणं मात्र मॅनेजरचं.
म्हणाला, सही जुळत नाही.
पॅनकार्डावरची मी एकवीस वर्षांची,
प्रत्येक अक्षराला नीट डोकं, नीट काना,
शेवटी 'घाग'खाली एक रेघ, कौतुकाची.
आत्ताची मी पावत्यांवर सह्या करून करून
नुसती एक गाठ उरलेली.
"तशी करून दाखवा."
मागच्या रांगेतल्या माणसाने घड्याळ पाहिलं.
तिसऱ्या खेपेला रेघ आली.

मग पत्ता. आधारवर अजून कळव्याची खोली.
वर्तकनगरला जाऊन लाइट बिल आणलं,
शेअर रिक्षा, जाऊन-येऊन पन्नास.
फोटो साठ. झेरॉक्स बारा.
रिक्षातच वजाबाकी केली:
उरले साडेचाळीस,
म्हणजे अर्ध्या साडीचा फॉल.
उतरून सरळ दुकानात जावं, असं आलं मनात.
पण फोटोतली बाई तोवर
चार प्रतींत, पाकिटात, तयार होऊन बसलेली.

मोबाइलवर आकडा येईल, तो सांगा, म्हणाला.
मोबाइल माझा, पण असतो मुलाकडे.
शेजारच्या बाईंच्या फोनवरून लावला,
"अथर्व, आत्ता एक आकडा आलाय बघ."
"कसला?"
"गॅसचा."
त्याने सहा आकडे सांगितले,
घाईघाईत, खेळ मध्येच थांबवावा लागला म्हणून चिडून.

वारसाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलं.
म्हणजे त्याला कळेल,
पण मी गेल्यावर.
हे मनात आलं आणि हसू फुटलं,
मोकलने वर पाहिलं तर खोकला काढला.

शेवटी विचारलं, ठेवीचा उद्देश काय लिहू?
लग्न, शिक्षण, आजारपण, घर. यातलं काय?

सासूबाईंच्या गुडघ्यासाठी साठवलंय मी.
दिराच्या डिप्लोमासाठी.
भिशीचा नंबर लागला त्या वर्षी
मिक्सर येता येता मोटारसायकलचा हप्ता झाला.
प्रत्येक पैशाला जन्मायच्या आधी नाव,
बारशाची वाटच नाही.

"असंच," म्हटलं.
"असंच असं नाही लिहिता येत, ताई."
"मग इतर लिहा."
त्याने लिहिलं, इतर.

पासबुक मशीनमधून घर्र करत आलं,
माझं नाव थोडं वाकडं छापलेलं, आडनावाचा ग पुसट.
ओढणीत गुंडाळून आणलं
आणि बटणांच्या डब्याखाली ठेवलं,
जिथे फक्त माझा हात जातो.

पेंढरकर बाईंची साडी तशीच पडली होती.
रंग अवघड, ना जांभळा ना चिंतामणी.
ट्यूबलाइटमध्ये फॉल जुळल्यासारखा वाटतो नेहमी,
म्हणून दोन्ही घेऊन
दाराशी, उन्हात आले.