ब्याऐंशी हर्ट्झचा आड

पहाटे साडेतीनला उठलो, कारण तेव्हाच
अंबडचे कॉम्प्रेसर जरा दम खातात,
महामार्गावरचे ट्रक विरळ होतात
आणि वरचे बागूल कूस बदलायचे थांबतात.
पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढला.
भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही.
सिडकोतली ही खोली, चौदा फूट बाय अकरा,
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
श्वास रोखून उभी.

खुर्चीत, माझ्या कानांच्या उंचीवर, माइक बसला.
मी दाराआड.
वीस हर्ट्झपासून आवाज निघाला,
आधी पोटात, मग छातीत, मग दातांत,
शेवटी वटवाघळांच्या वाटेने दिसेनासा झाला.
शोकेसमधला काचेचा कप मध्येच थरथरला,
त्याचीही नोंद झाली.

पडद्यावर खोलीची कुंडली:
एक्केचाळीसला उंचवटा,
आणि ब्याऐंशीला थेट आड.
म्हणून तर इतकी वर्षं
तबला ऐकू यायचा, डग्गा नाही.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?
आणि मी वादकाला नावं ठेवत होतो.

अठ्ठावीस वर्षं गेज-रूममध्ये काढली,
दोन मायक्रॉनसाठी माल परत पाठवला.
खड्डा आहे तर भरू, म्हटलं.
बारा डेसिबल ओतले.
अ‍ॅम्प्लिफायर तापला, आड तसाच.
आणखी ओतले.
गांगुर्ड्यांचा देवदत्त फोनवर हसला:
"काका, स्पीकरकडून येणारी लाट
आणि मागच्या भिंतीवरून परतणारी,
दोघी तिथे एकमेकींना खोडतात.
जितकं ओताल, तितकं खोडलं जाईल.
उंचवटा तासता येतो. खड्डा नाही भरत.
खुर्ची हलवा."

खुर्ची हलवायची म्हणजे मागे,
आणि मागे कुंदाचं शिलाई मशीन.
त्यात फ्रिजचा प्लग लावायचा राहिलेला, दूध नासलेलं.
तरी आलेख दाखवला.
तोंडात टाचण्या, गळ्यात टेप,
खैरनारबाईंच्या ब्लाउजवर खडू ओढत ती म्हणाली,
"मशीनला उजेड लागतो.
तुमच्या आवाजाला काय लागतं?"
दीड फूट, म्हटलं.
तिने टेप काढून स्वतः मोजलं.
"सव्वा देते."

मशीन खिडकीला गेलं.
खालची फरशी उघडी पडली, इतर फरशीहून गोरी,
फटीत कुणाच्यातरी परकराचा जांभळा दोरा.
सव्वा फुटात आड अर्धा बुजला,
डग्गा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.
उंचवटे मग फिल्टरने तासले.
पासष्ट हजार आकडे, एका ओळीत,
गाण्याचा एकेक कण त्या सगळ्यांतून जातो,
म्हणून बटण दाबल्यावर पाऊण सेकंद
काहीच होत नाही.
तो पाऊण सेकंद मला आवडू लागलाय.

पण जोरकस जागी कडकड.
पुन्हा मोजलं, पुन्हा कडकड.
आलेख कसा शिस्तीत, आणि आवाज फाटतोय.
कुंदा दारात.
"माप बरोबर घेतलंत. माया ठेवलीत का?"
कसली?
"शिवणीत. अंगाला तंतोतंत शिवलं,
की पहिल्याच मोठ्या श्वासाला उसवतं."

सहा डेसिबल खाली उतरवले.
सगळं गाणं जरा मागे रेलून बसलं.
कडकड गेली.
देवदत्तच्या भाषेत याला दुसरं काही म्हणतात.
मी फाइलला नाव दिलं: माया उणे सहा.

रेघ अजून सरळ नाही.
एकशे दहाच्या आसपास एक टेंगूळ आहे,
मशीनच्या लाकडी पेटीचं असावं.
काढलं नाही.

दुपारी ती शिवते, मी ऐकतो.
ओझरहून एखादं सुखोई डोक्यावरून जातं,
त्याला फिल्टर नाही,
दोघंही हात थांबवून छताकडे बघतो.
मग आधी तिचं पायडल,
आणि मी बटण दाबल्यावर
पाऊण सेकंदाने
डग्गा.