बाविसावी ओळ

माझी एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
डावीकडे वस्तू, उजवीकडे किती वाचले.
पंपाचं वॉशर: इथे हुसाविकच्या दुकानात नऊशे क्रोना,
चीनमधून, टपालखर्चासकट, एकशे चाळीस.
खिडकीची बिजागरं, चार. वाचायचा चष्मा, दोन नग,
एक हरवण्यासाठी.
सहा आठवडे लागतात, कधी नऊ.
आम्हाला घाई कसली?
इथे उजाडायलासुद्धा जानेवारी संपावा लागतो.

आल्फदीस म्हणते, हाल्मार, तू पैसे वाचवत नाहीस,
तू वाट बघायचं व्यसन लावून घेतलंयस.

ती विणते.
गळ्याभोवती नक्षीचं कडं, करडं, पांढरं, काळं.
उन्हाळ्यात देवमासे बघायला आलेली माणसं
दारातल्या टेबलावरचे स्वेटर हाताळतात,
किंमत ऐकतात, फोन काढतात
आणि अगदी नम्रपणे आम्हाला आमचाच स्वेटर दाखवतात,
पाचव्या हिश्श्यात.

मी एक गुपचूप मागवला.
खोटं कशाला बोलू, हिशेबच केला होता:
आणून विकले तर तिच्या सुजल्या बोटांना आराम.
विक्रेती कुणी मिस फांग. निरोप पाठवायची:
‘प्रिय मित्रा, तुमची पेटी आनंदाने विमानतळावर झोपली आहे.’
‘प्रिय मित्रा, समुद्र. कृपया पाच तारे.’
भाषांतराचं यंत्रही माझ्याच जातीचं असावं,
क्रियापदांत काटकसर करणारं.

टपालवाल्या ओड्नीने पार्सल नेमकं तिच्याच हातात दिलं.
आल्फदीसने कात्री घेतली, पिशवी कापली, स्वेटर हुंगला.
मग उलटा केला.
(समोरून काय, सगळेच देखणे, असं तिचं म्हणणं.)
खिडकीशी नेऊन बोटाने ओळी मोजू लागली.
माझी कॉफी हातातच निवली.

बाविसाव्या ओळीवर बोट थांबलं.
‘इथे एक काळा टाका जास्त आहे.’
स्वस्तातलं असंच असायचं, मी म्हटलं.
‘चूक त्यांची नाही. माझी आहे.
आठ वर्षांपूर्वी, तुझ्या छातीत नळ्या होत्या त्या आठवड्यात
दवाखान्यात बसून विणत होते.
डॉक्टर बाहेर आला, आणि मी मोजायची विसरले.
तो स्वेटर एका पाहुणीला तसाच विकला,
थोडे कमी करून.’

त्या बाईने फोटो काढला असणार.
फोटो फिरत फिरत एका यंत्रापुढे गेला असणार
आणि यंत्र बिचारं आज्ञाधारक.
आता लिमात, वॉर्सात, कुठल्या कुठल्या बसस्टॉपवर
तिच्या त्या दुपारची भीती
एवढीशी, काळी, गळ्याशी घेऊन
माणसं उभी आहेत, थंडीत, बसची वाट बघत.

मी हे बोलून दाखवलं नाही.
ती मात्र हसत सुटली, खोकला लागेपर्यंत.

मेंढ्या विताना आता ती तोच घालून गोठ्यात जाते.
रक्त लागलं तरी जीव जळत नाही,
धुतला की तासात वाळतो.
लोकरीला हे जमत नाही, कबूल करते,
जरा नाइलाजानेच.

मिस फांगला मी पाच तारे दिले.
वहीत वस्तू लिहिली, तारीख लिहिली,
उजवा रकाना कोरा ठेवला.
सकाळी तिथे पेन्सिलीचं अक्षर होतं, तिचं:
किती वाचले? एक. नवरा.

त्याखाली मी पंपाचं दुसरं वॉशर लिहिलं.
पहिलं बसलंच नव्हतं. माप चुकलं होतं.