मोटार

बेगमपुऱ्यात नळ येतो आठव्या दिवशी,
आणि वरच्या खोलीतली पोरं
दर रविवारी तांब्याभर पाणी जमिनीवर ओततात.
तिघं लागोसची, एक बेनिनची. फार्मसीला आहेत.
पहिल्यांदा मी भांडायलाच जिना चढले होते.

फोलाशादे मोडक्या हिंदीत म्हणाली,
मावशी, हे आमच्या प्यायच्या वाट्यातलं.
आधी गेलेल्यांना, मग आम्हाला.
मला वडील आठवले, ताटाभोवती पाणी फिरवणारे.
काही बोलले नाही. दारातच टेकले.

मग अयोदेले उठला, सहा फुटी, मान खाली:
गुरुवारी तोटी उघडी राहिली ती माझ्याकडून.
टाकी मीच रिकामी केली,
आणि नाव मांजराचं घेतलं.
कुणी ओरडलं नाही.
एकीने तांब्या त्याच्या हातात दिला, आज तू ओत.
त्यांच्यात म्हणे देखणं कोण, तर स्वभावानं जे चांगलं.
(हे सांगणारी स्वतः तासभर आरशापुढून हलत नाही.)

खाली आले ती थेट
नळाला लावलेल्या मोटारीपाशी.
चार वर्षं झाली तिला.
गल्लीच्या टोकाला साबेरा आपा
करंगळीएवढ्या धारेखाली घागर धरून बसते,
आणि मी तिला म्हणते, अगं, महापालिकाच तशी.

काल नळ आला, पहाटे साडेतीनला.
मोटारीची पिन हातात घेऊन उभी राहिले.
वर कुणीतरी खोकलं.
साबेराची घागर भरल्याचा आवाज
इथवर येतो,
हे मला माहीत नव्हतं.