खोटी टाकी

पूर ओसरल्यावर सांगलीतलं निम्मं लोखंड
मिरजेत येऊन पडलं, मुल्लाच्या भंगारात, किलोवर.
त्यात ती होती,
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी,
कानाएवढं हँडल तेवढं चिखलाच्या वर.
मुल्ला म्हणाला, फिटरसाहेब, मोटारसायकल समजून घेतली.
टाकी आहे बघा. पण इंजिन कुठाय?

टाकी आहे. पेट्रोल तिनं कधी बघितलं नाही.
तिकडं अमेरिकेत पोरांना वाटावं, आपण फटफटी चालवतोय,
म्हणून पत्र्याचे दोन शिंपले जोडून
दांड्यांच्या मधे बसवलेले. आत भोंगा आणि दोन सेल.
एवढंच खोटं.
बाकी पोलाद, सत्तावीस किलो.

आधी रॉकेल, मग चिंचेचा कोळ, मग नुसता अंगठा.
रेल्वेत बत्तीस वर्षं घासलं ते साहेबाच्या घड्याळावर;
हे माझ्या.
हिरव्या ऑइलपेंटखाली मलई रंग निघाला,
मिशन हॉस्पिटलच्या खाटांचा.
त्याखाली तांबडा.
आणि तांबड्याच्या कडेनं एक सोनेरी रेघ,
कुणीतरी श्वास रोखून एका हातात ओढलेली.
तिथं मी पॉलिश पेपर खाली ठेवला.
मुलगा म्हणाला, सगळं खरवडा, स्प्रे मारा, शोरूमसारखी दिसेल.
म्हटलं, शोरूममधून निघून किती वर्षं झाली तिला,
तेवढं तरी दिसू दे.

अडलं टायरला.
आपल्याकडचा अठ्ठावीस इंची, हडकुळा.
हा सव्वीस, आणि जाडी दोन इंच एक सूत.
कोल्हापूर, पुणे, लुधियाना. फोनवर लोक हसायचे,
काका, ट्रॅक्टरला पाहिजे का?
अकरा महिने ती विटांवर उभी.
मग एका रविवारी शेजारचा सोहम
गियरची सायकल घेऊन आला, पंक्चर.
त्याचा टायर काढला, आणि काय सुचलं कोण जाणे,
तिच्या रिंगेवर चढवून बघितला.
टप्पदिशी बसला.
माझ्या बापाच्या वयाची रिंग
आणि सहावीतल्या पोराचा टायर.
मी फरशीवरच बसलो.
सोहम म्हणाला, काका, आता माझा द्या की.

चाक मात्र डोलत होतं.
हमजाचाचा सतारी करतात, गल्लीच्या तोंडाला.
नजर अधू झालीय, नख शाबूत आहे.
चाक मांडीवर घेऊन एकेक तार छेडत गेले,
ही उतरलीय. पाव फेरा.
ही उगाच चढलीय. सोड.
छत्तीस तारा, भोपळ्याशिवाय.
चहा दोनदा गार झाला.
शेवटी चाक फिरलं, ते जणू फिरतच नव्हतं.
चाचा म्हणाले, राग कुठला ते विचारू नकोस.

टाकी सगळ्यात शेवटी उघडली.
भोंगा नाही, सेल नाहीत. उंदराचं घर,
कातरलेल्या औषधाच्या चिठ्ठ्यांचं.
शाई पुसट: बेडग. आरग. थंडी-ताप, तीन दिवस.
खाली सही: शांतवन, कंपाउंडर.

कंपाउंडातल्या शेवटच्या खोलीत सलोमीबाई राहतात.
चिठ्ठ्या त्यांनी हातात घेतल्या नाहीत, लांबूनच वाचल्या.
म्हणाल्या, बाबांचा 'त' असाच, शेपूट वर.
डॉक्टरसाहेब मायदेशी गेले, तेव्हा सायकल बाबांना दिली.
गावोगावची पोरं मागं पळायची, पेट्रोल संपलं का म्हणून.
बाबा टाकीवर थाप मारायचे. भरलीय म्हणायचे.
मी म्हटलं, तुमचीच आहे, घेऊन जा.
त्या म्हणाल्या, ठेवू कुठं? कॉटखाली?
मग थोड्या वेळानं: बेडगला एकदा जाऊन या.

उंदराचं घर मी होतं तसं आत ठेवलं,
वर स्क्रू आवळले.

हिला ब्रेक हातात नाही, पायात आहे,
हे डोक्याला माहीत, पायाला नाही.
बेडगच्या अलीकडं उतारावर
जन्माच्या सवयीनं पायडल मागं फिरवलं
आणि ती जागच्या जागी खिळली.
द्राक्षाला औषध मारणारा एकजण
पंप खांद्यावर घेऊन बांधावर आला.
ओ पाव्हणं, संपलं का पेट्रोल?

मी थाप मारली.
पत्रा वाजला नाही.
आवाज आला, भरल्या टाकीला येतो तसा.