ओळंबा सरळ होता

आधी तिला वाटलं, फरशीच वाकडी आली.
तार्तूतल्या एका लाकडी घरात
ती ऊबेची भट्टी चढवत होती,
हिरव्या, चकाकत्या फरश्यांची.
चौथ्या थरात सांधा हलला, लाटेसारखा.
पाणसळ ठेवली : बुडबुडा मधोमध.
ओळंबा सोडला : दोरी सरळच असणार,
दोरीला दुसरं काही येत नाही.
पण डाव्या डोळ्याला ती
कुणी पाण्यात बुडवल्यासारखी दिसली.

पिल्वी. वय चोवीस. धंदा : भट्ट्या बांधणे.

मी डॉक्टर नाही. मी सोनोग्राफीवाली.
सव्वीस वर्षं मिटल्या पापण्यांवर जेली लावते
आणि आधीच सांगून ठेवते, गार लागेल हं.

बाहुली मोठी करून डॉक्टर लेपिकनी पाहिलेलं :
नसेच्या मुळाशी पिवळट-नारिंगी डाग,
कडा बेटासारख्या, कुरतडलेल्या.
चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह. बाहेर बाकावर तिची आई, औने,
'गाठ' हा एकच शब्द घेऊन बसलेली,
हातमोजे न काढता.

पडद्यावर सगळंच उजळ होतं.
मग मी गेन उतरवत गेले,
रेडिओचा आवाज कमी करावा तसा.
भिंग गेलं. मागची वळणदार भिंत गेली.
चरबीचं ते नेहमीचं धुकं, तेही गेलं.
उरली एक पांढरी रेघ, जायला तयार नाही,
आणि तिच्यामागे लांब काळी सावली.

सीटीत ती रेघ आणि तिची कवटी
एकाच पांढऱ्याची निघाली.

'हाड?' औने म्हणाली. 'डोळ्यात कुसळ जातं. हाड कसं जाईल?'
'गेलेलं नाही. तिथेच झालंय.'
'का?'
'ते कुणालाच माहीत नाही,' लेपिक म्हणाले,
आणि त्या दिवशी मला ते आवडले.

काढून टाका, आई म्हणत राहिली.
ते म्हणाले, ही गाठ कुठे पसरणार नाही.
काढायला गेलो तर जी भिंत वाचवायची तीच पडेल.
भांडण आहे ते तिच्यावर उगवलेल्या
कच्च्या, गळक्या रक्तवाहिन्यांशी.
म्हणून महिन्याला एक सुई, डोळ्यात.
पहिल्या वेळी पिल्वीने माझा अंगठा असा धरला
की नख काळं पडलं.
पाचव्या सुईनंतर चौकटींचा कागद समोर धरून म्हणाली,
लाट ओसरली. थोडी आहे. पण ओसरली.

दुसऱ्या वर्षी हाडाची एक कड विरली.
औने मधाचा केक घेऊन आली.
लेपिक हसले नाहीत.
हाड जातं तिथून वरच्या पेशीही जातात, पाहणाऱ्या.
कड मध्यापासून दूर होती, एवढंच नशीब.
केक आम्ही खाल्ला. चांगला होता.
तेव्हापासून मी दर वेळी त्या रेघेला
मनातल्या मनात म्हणते, राहा गं.

या शरदात तिने माझी भट्टी बांधली.
हाडाची कारागीर, असं मी म्हणाले
आणि जीभ चावली. ती एवढी हसली
की मातीचा गोळा हातातून पडला.

शेवटचा थर लागल्यावर म्हणाली, दिवा घालवा.
अंधारात तिचा अंगठा
एकेका सांध्यावरून फिरताना ऐकू येत होता.
चौथ्या थरात थांबला. मागे आला.
पुन्हा गेला.